लांब इंग्रजी शब्दाची फोड

जालना हे बियाण्यांचं आणि लोखंडी सळ्यांचं शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथे महिको, म्हणजे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, सुरू केली आणि पुढे बियाण्यांच्या कंपन्यांची रांगच लागली. स्टीलच्या रोलिंग मिल आल्या. 2018 मध्ये मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचं मराठवाडा केंद्र आलं. 2023 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्यामुळे जुन्या जालन्यातल्या लेकरांच्या अवतीभवती लांब इंग्रजी शब्द भरपूर झाले आहेत. बियाण्याच्या पाकिटावर जर्मिनेशन, खताच्या गोणीवर फर्टिलायझर, कारखान्याच्या फाटकावर मॅन्युफॅक्चरिंग, सरकारी पाटीवर म्युनिसिपल कॉर्पोरेशन. यातले बरेचसे शब्द लेकरांनी ऐकलेले असतात, काही तर ती रोज बोलतात. पण तोच शब्द रोमन लिपीत समोर आला की सातवी-आठवीतलं लेकरू पहिली तीन-चार अक्षरं वाचतं, थांबतं, आणि उरलेला शब्द अंदाजानं पुरा करतं किंवा सोडून देतं.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. म्हणजे आज सातवीत बसलेल्या लेकराच्या गाठीला सहा वर्षांचं इंग्रजी असतं. अक्षरं येतात, छोटे शब्द येतात. अडतं ते आठ-दहा अक्षरांच्या पुढे, कारण तिथे एकेक अक्षर उच्चारत सरकण्याची रीत पुरत नाही. अकरावं अक्षर येईपर्यंत पहिलं डोक्यातून निसटलेलं असतं. यावर आपण घरोघरी एकच उपाय सांगतो, स्पेलिंग पाठ कर. पाठांतरानं तो एक शब्द येतो, पुढचा नवा शब्द पुन्हा तितकाच अवघड राहतो. खरा उपाय म्हणजे शब्द तोडून वाचायला शिकणं. आणि त्यासाठी लागणारं बरंचसं भांडवल मराठी शाळेतल्या लेकराकडे आधीच असतं, असं माझं ठाम मत आहे. ते त्याला मराठीच्या तासाला मिळालेलं असतं. इंग्रजीच्या तासाला तेच वापरायचं, हे मात्र त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

शब्द तोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. आपल्याकडची मोसंबी सुरीनं आडवी कापली तर चकत्या होतात, आणि सोलून उघडली तर फोडी सुटतात. चकत्या खाणाऱ्याच्या सोयीच्या. फोडी फळाच्या आतल्या रचनेप्रमाणे. शब्दाची चकती म्हणजे इंग्रजीत ज्याला सिलॅबल म्हणतात तो उच्चाराचा तुकडा, एका स्वराभोवती एका दमात बोलला जाणारा. त्याला स्वतःचा अर्थ असेलच असं नाही. फोडी म्हणजे शब्दाचे घटक: उपसर्ग, मूळ आणि प्रत्यय. यांतल्या प्रत्येकाला अर्थ असतो. तोंडानं वाचायला पहिली तोड लागते, डोक्याला अर्थ लागायला दुसरी. कधी दोन्ही एकाच जागी पडतात, कधी पडत नाहीत.

आधी उच्चाराच्या तोडीकडे पाहू. मराठी लेकराला 'पुस्तक' तोडून लिहायला सांगा. ते 'पु-स्त-क' असं लिहील, कारण आपली लिपी जोडाक्षर एकत्र ठेवते. आता तोच शब्द हळू बोलायला सांगा. तोंडातून येतं 'पुस्-तक्'. लिपी 'स्त' एकत्र ठेवते, जीभ मात्र 'स' मागे सोडते आणि 'त' पुढे नेते. ही गोष्ट आपल्या छंदशास्त्रानं फार पूर्वीच टिपून ठेवली आहे. वृत्त शिकताना आपण घोकतो की जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. 'पुस्तक'मधला 'पु' ऱ्हस्व आहे, तरी त्याची मात्रा दोन. का? तर जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन मागच्या स्वराला येऊन चिकटतं आणि त्या तुकड्याचं वजन वाढतं. इंग्रजी वाचनाच्या पुस्तकांत ज्याला बंद सिलॅबल म्हणतात, ते नेमकं हेच.

लिपीच्या सवयीनं तोडायचं की उच्चाराच्या, हा वाद इंग्रजीतही झालेला आहे. अठराव्या शतकात थॉमस डिलवर्थचं स्पेलिंगचं पुस्तक इंग्लंड-अमेरिकेत खूप चालायचं. त्या परंपरेत 'क्लस्टर' हा शब्द 'सी-एल-यू' इथे तोडत आणि 'एस-टी-ई-आर' पुढे नेत, म्हणजे थेट आपल्या 'पु-स्त-क'सारखं. 'हॅबिट' तोडताना 'एच-ए' वेगळं काढत. नोआ वेब्स्टर या अमेरिकी शिक्षकानं 1783 साली आपलं स्पेलिंगचं पुस्तक काढलं आणि त्यात ही पद्धत मोडली. त्याचं म्हणणं साधं होतं: शब्द जसा बोलला जातो तसा तोडा, म्हणजे तुकडे वाचून मुलाच्या तोंडी खरा उच्चार येईल. 'एच-ए' एवढाच तुकडा दिला तर मूल 'हे' वाचेल. 'एच-ए-बी' दिला तर 'हॅब' वाचेल. वेब्स्टरनं 'क्लस-टर' आणि 'हॅब-इट' अशी तोड केली. निळ्या पुठ्ठ्याचं ते पुस्तक अमेरिकेतल्या कितीतरी पिढ्यांनी वापरलं.

वेब्स्टरच्या या तोडीत इंग्रजी स्वरांची सगळी किल्ली आहे. इंग्रजीत स्वराचा उच्चार तो तुकडा बंद आहे की उघडा यावर अवलंबून असतो. तुकडा व्यंजनानं बंद झाला तर स्वर आखूड होतो: 'नॉट', 'गॉट', 'मेट'. तुकडा स्वरावरच संपला तर स्वर लांबतो, बहुधा स्वतःच्या नावानं बोलतो: 'नो', 'गो', 'मी'. मराठीत 'क' ला वेलांटी दिली की तो सगळीकडे 'कि', म्हणून आपल्या लेकराला स्वराचं हे बदलणं लहरी वाटतं. तुकडा उघडा की बंद, हे बघायला शिकवलं की निम्मी लहर संपते.

आता तोडायचं कसं ते सांगतो. आधी शब्दातल्या स्वरांच्या जागा मोजायच्या. दोन स्वर मिळून एक आवाज होत असेल तर ती एकच जागा. शेवटचा मुका 'ई' धरायचा नाही. 'जर्मिनेशन'मध्ये अक्षरं अकरा, पण स्वरांच्या जागा चार, कारण शेवटच्या 'टी-आय-ओ-एन'मध्ये 'आय' आणि 'ओ' मिळून एकच. म्हणजे तुकडे चार होणार. हे आधी कळलं की लेकराचा धीर वाढतो. अकरा अक्षरांऐवजी चार तुकडे हाताळायचे आहेत.

मग दोन स्वरांच्या मध्ये किती व्यंजनं आहेत ते बघायचं. दोन असतील तर बहुधा त्यांच्या मधून तोडायचं. 'मार्केट'मध्ये 'आर' आणि 'के' यांच्या मधून. 'प्लास्टिक'मध्ये 'एस' आणि 'टी' यांच्या मधून. 'कॉटन'मध्ये दोन 'टी'. तोड त्यांच्या मधून, बोलताना मात्र 'टी' एकच. पहिला 'टी' कशाला, असं लेकरू विचारतं. तो तुकडा बंद करायला. एकच 'टी' असता तर वाचणाऱ्यानं 'कोटन' म्हटलं असतं. एस-एच, सी-एच, टी-एच, पी-एच अशा जोड्या एकाच आवाजाच्या असतात, त्या कधी तोडायच्या नाहीत.

'हायब्रीड' बघा. जालन्यात हा शब्द न ऐकलेलं लेकरू सापडणार नाही. 'बी' आणि 'आर' अशी दोन व्यंजनं मध्ये आहेत, पण तोड त्यांच्या आधीच पडते: 'हाय' आणि 'ब्रीड'. उलट 'पब्लिक'मध्ये 'बी' मागे जातो आणि 'एल' पुढे: 'पब-लिक'. हा घोळ मराठीला नवा नाही. 'पुस्तक'मधला 'पु' गुरू, पण 'तुझ्या'मधला 'तु' लघूच राहतो, कारण तिथे जोडाक्षराचा आघात मागे येत नाही, अख्खं 'झ्या' पुढे जातं. मराठीत हा फरक आपण कानानं ओळखतो. इंग्रजीतही दोन्ही रीतींनी बोलून बघायचं आणि ओळखीचा शब्द कुठल्या तोडीतून उमटतो ते ऐकायचं.

मध्ये एकच व्यंजन असेल तर खरी कसोटी लागते. 'टोटल' आणि 'मेटल' हे दोन शब्द कागदावर एकाच घडणीचे: व्यंजन, स्वर, 'टी', 'ए', 'एल'. तरी पहिल्यात तोड 'टी'च्या आधी पडते, म्हणून 'टो' उघडा आणि लांब. दुसऱ्यात 'टी'च्या नंतर, म्हणून 'मेट' बंद आणि आखूड. 'पेपर', 'पायलट', 'टायगर' पहिल्या जातीचे. 'लिमिट', 'कॅबिन', 'रॅपिड' दुसऱ्या जातीचे. शाळेत नियम सांगतात की आधी व्यंजनाच्या आधी तोडून बघा, जमलं नाही तर नंतर. नियम म्हणून ठीक आहे, पण त्याच्यावर फार विसंबू नये. डेव्हिन कर्न्स या अमेरिकी संशोधकानं शालेय पुस्तकांतले हजारो इंग्रजी शब्द तपासून 2020 साली निष्कर्ष मांडला की दोन व्यंजनांचा नियम बऱ्यापैकी कामाचा आहे, एका व्यंजनाचा मात्र, विशेषतः लांब शब्दांत, फारसा भरवशाचा नाही. म्हणून लेकराला 'दोन्ही करून बघ' एवढंच सांगावं. एका उच्चारानं काम झालं नाही तर दुसरा लावून बघण्याची सवय नियमापेक्षा मोलाची आहे.

दोन छोट्या गोष्टी आणखी. शब्दाच्या शेवटी व्यंजन आणि मग 'एल-ई' असेल तर शेवटची तीन अक्षरं एकत्र तोडायची. 'टेबल'मध्ये 'बी-एल-ई' काढलं की मागे 'टी-ए' उघडं राहतं, म्हणून 'टे'. 'बॉटल'मध्ये 'टी-एल-ई' काढलं की मागे 'बी-ओ-टी' बंद राहतं, म्हणून 'बॉट'. आणि स्वरामागे 'आर' आला की तो स्वराचा रंग बदलतो. ई-आर, आय-आर, यू-आर हे तिन्ही बहुधा 'अर'च होतात. 'जर्मिनेशन' आणि 'फर्टिलायझर' यांचे पहिले तुकडे असेच आहेत.

आता फोडींकडे येतो, कारण लांब शब्दाचं खरं मर्म तिथे आहे. ही गोष्ट मराठवाड्यातल्या लेकराला समजावणं फार सोपं असायला हवं. आपल्याकडे संस्कृत उपसर्ग-प्रत्यय आहेत, शिवाय फारसी-अरबीही आहेत. निजामाच्या राज्यात इथलं वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून व्हायचं, जुन्या जालन्यात मराठी आणि उर्दू आजही शेजारी-शेजारी बोलल्या जातात. बेशिस्त, गैरहजर, गैरसमज, नाराज, दुकानदार हे शब्द इथलं लेकरू शाळेत जायच्या आधी शिकतं. 'नापास' हा तर फारसी 'ना' आणि इंग्रजी 'पास' यांचा जोड. 'डॉक्टरकी' मध्ये इंग्रजी शब्दाला मराठी प्रत्यय लागला आहे. शब्दाला पुढून-मागून तुकडे जोडता येतात, हे ज्ञान त्याच्या रक्तातच आहे.

मराठीतला एक मोठा शब्द घ्या: बेजबाबदारपणा. फोडी चार: बे, जबाब, दार, पणा. जबाब म्हणजे उत्तर. पोलीस ठाण्यात नोंदवतात तोच. उत्तर देण्याचं काम ज्याच्याकडे आहे तो जबाबदार, तसा जो नाही तो बेजबाबदार, आणि त्याचा गुण म्हणजे बेजबाबदारपणा. आता याच अर्थाचा इंग्रजी शब्द, 'इरिस्पॉन्सिबिलिटी'. अक्षरं सोळा, बघूनच धडकी भरते. फोडी मात्र चारच. पुढचा 'आय-आर' नकाराचा, आपल्या 'बे'सारखा. मग 'रिस्पॉन्स', म्हणजे उत्तर, म्हणजे जबाब. मग 'इबल', 'दार'च्या जागी. मग 'इटी', 'पणा'च्या जागी. अर्थच्छटा तंतोतंत जुळणार नाही, पण जागेला जागा जुळते. दोन्ही शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिले आणि फोडींच्या मध्ये उभ्या रेघा मारल्या, तर इंग्रजी लांब शब्द कसा बनतो हे समजायला वेगळ्या व्याख्यानाची गरज पडत नाही.

या फोडींची पुंजी लेकरांकडे आधीपासून असते, मोबाइलमुळे तर फारच. रिचार्ज, अनलॉक, अनलिमिटेड, डिस्कनेक्ट, प्रीपेड, डाउनलोड. 'री' म्हणजे पुन्हा, 'अन' म्हणजे नकार किंवा उलट क्रिया, 'डिस' म्हणजे तोडणं, 'प्री' म्हणजे आधी. हे अर्थ लेकरं न शिकवता सांगतात. अमेरिकेत व्हाइट, सॉवेल आणि यानागिहारा या तिघांनी 1989 साली शालेय पुस्तकांतले उपसर्गवाले शब्द मोजले. त्यांत शंभरातले 58 शब्द 'अन', 'री', 'इन' आणि 'डिस' एवढ्या चारच उपसर्गांचे निघाले. चार उपसर्ग नीट आले की निम्म्याहून अधिक रान मोकळं होतं, आणि आपल्या लेकरांना त्यांतले तीन तर मोबाइलनंच शिकवले आहेत.

'इन' या चौथ्यावर थोडा वेळ द्यायला हवा, कारण तो रूप बदलतो. 'पॉसिबल'च्या आधी तो 'इम' होतो, 'लीगल'च्या आधी 'इल', 'रेग्युलर'च्या आधी 'इर'. लेकराला हे चार वेगळे उपसर्ग वाटतात आणि ते चार वेळा पाठ करतं. पण संधी शिकलेल्या लेकराला यात नवीन काही नाही. उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, सत् आणि जन मिळून सज्जन, जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ. पुढच्या व्यंजनासाठी मागचं व्यंजन वाकतं. 'इन' आणि 'लीगल' मिळून 'इल्लीगल' होतं ते 'उल्लेख'च्याच न्यायानं. म्हणून तिथे स्पेलिंगमध्ये दोन 'एल' असतात: एक उपसर्गाचा, एक मूळ शब्दाचा. 'इर्रेग्युलर'मध्ये 'आर' एक की दोन, हा परीक्षेतला नेहमीचा घोळ. फोड केली की प्रश्नच उरत नाही.

प्रत्यय लागताना मूळ शब्दही बदलतो. 'फर्टाइल' म्हणजे सुपीक. त्याला 'आइझ' लागलं की सुपीक करणं, त्याला 'अर' लागलं की सुपीक करणारं, म्हणजे 'फर्टिलायझर', आपलं खत. जोडताना 'फर्टाइल'चा शेवटचा मुका 'ई' गळतो. 'हॅपी'ला 'नेस' लागताना 'वाय' जाऊन 'आय' येतो. घोड्याला 'ला' लागताना 'घोडा'चा 'घोड्या' होतो, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. हेही तसंच मानावं. आणि 'वाय-आय'ची अदलाबदल तर 'इति' आणि 'आदी' मिळून 'इत्यादी' करणाऱ्याला ओळखीची आहे. इ आणि य यांचं नातं जुनं आहे. 'इलेक्ट्रिक'मधला 'सी' क बोलतो आणि 'इलेक्ट्रिसिटी'मध्ये तोच 'सी' स बोलतो. आपल्याकडे वाचनातला 'च' वाक्यात 'क' होतो, पचनातला 'च' पाकात 'क' होतो. मराठी लिपी असा बदल लिहून दाखवते. इंग्रजी स्पेलिंग बहुतेक वेळा जुनंच अक्षर ठेवतं. त्यामुळे उच्चाराला त्रास होतो, पण शब्दांचं कूळ डोळ्यांना दिसत राहतं. 'साइन'मधला मुका 'जी' निरुपयोगी वाटतो, पण 'सिग्नल' आणि 'सिग्नेचर' शेजारी ठेवले की तो बोलू लागतो.

मूळ शब्दांची कुळं गोळा करणं हा लेकरांना खूप आवडणारा भाग. लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात आणि 'फॅक्ट' या मुळात करणं, बनवणं. 'मॅन्युफॅक्चरिंग' म्हणजे मुळात हातानं बनवणं. 'फॅक्टरी' त्याच घरातली, आणि हातानं चालवायचं ते 'मॅन्युअल'. 'कॉर्पोरेशन'मध्ये 'कॉर्पोर' म्हणजे शरीर. पुष्कळ माणसं मिळून कायद्याच्या नजरेत एक शरीर झालेली संस्था. 'अॅग्रिकल्चर'मध्ये 'अॅग्रि' म्हणजे शेत आणि 'कल्चर' म्हणजे मशागत.

आता जिथे चकती आणि फोड जुळत नाहीत तिथे काय करायचं? मराठीतच बघा. 'अनादर' बोलताना 'अ-ना-दर', पण फोड 'अन्' आणि 'आदर'. 'दुरवस्था'ची फोड 'दुर्' आणि 'अवस्था'. ही फोड डोळ्यांसमोर नसल्यामुळेच अनेक जण 'दुरावस्था' असं चुकीचं लिहितात. इंग्रजीत 'अॅक्शन' बोलताना 'अॅक-शन', फोड मात्र 'अॅक्ट' आणि 'आयन'; तो 'टी' प्रत्ययाचा नाही, 'अॅक्ट'चा आहे. 'डिझीझ' म्हणजे रोग. फोड 'डिस' आणि 'ईझ', स्वस्थपणा हरपलेला. सगळ्यात नवलाचा शब्द 'हेलिकॉप्टर'. बोलताना 'हेलि' आणि 'कॉप्टर' वेगळे वाटतात, पण ग्रीक फोड 'हेलिको' आणि 'प्टर' अशी आहे, फिरकी आणि पंख. 'प्टर' कोणाच्याही तोंडात बसत नाही, म्हणून जगानं तो उच्चाराच्या सोयीनं तोडला आणि त्यातून 'हेलिपॅड' बनवला. अमेरिकी कोश शब्द तोडताना उच्चाराला अधिक धरून राहतात, ब्रिटिश परंपरेनं व्युत्पत्तीला अधिक मान दिला. त्यामुळे दोन चांगल्या कोशांत एकाच शब्दाची तोड वेगळी सापडली तर घाबरायचं कारण नाही. ओळीच्या शेवटी इंग्रजी शब्द कुठे तोडायचा हे संगणकाला शिकवण्यासाठी फ्रँकलिन लिआंग यांनी स्टॅनफर्डला अख्खा प्रबंध लिहिला, 1983 साली. त्या पद्धतीतही अपवादांची यादी वेगळी ठेवावी लागते.

खोट्या उपसर्गांपासून सावध राहावं. 'अंकल'मधून 'यू-एन' काढलं तर उरतं ते काहीच नसतं. 'रेस्ट'मध्ये 'री' नाही. पारख सोपी: तुकडा काढल्यावर उरलेल्या भागाला अर्थ असला पाहिजे, किंवा तो भाग दुसऱ्या दोन-तीन शब्दांत त्याच अर्थानं सापडला पाहिजे.

पूर्ण रीत एका शब्दावर चालवून दाखवतो. मराठवाड्याच्या पावसाबद्दल इंग्रजी वर्तमानपत्रात हमखास येणारा शब्द, 'अनप्रिडिक्टेबल'. अक्षरं तेरा. डाव्या अंगठ्यानं पुढचं 'यू-एन' झाकायचं. नकार आहे, नंतर बघू. उजव्या अंगठ्यानं शेवटचं 'ए-बी-एल-ई' झाकायचं. 'एबल', म्हणजे होण्यासारखं, रिचार्जेबलमधलं. मध्ये उरलं 'प्रिडिक्ट'. त्यात 'प्री' ओळखीचं, प्रीपेडमधलं, आधी. उरलं 'डिक्ट', सांगणं, बोलणं. 'डिक्टेशन' आणि 'डिक्शनरी' यांच्यातलं. आता अर्थ उलट्या क्रमानं जोडायचा: सांगणं, आधी सांगणं, आधी सांगता येण्यासारखं, आधी सांगता न येण्यासारखं. एखादी फोड ओळखीची नसती, तर त्या तेवढ्या तुकड्यावर स्वर मोजून सिलॅबलची रीत लावायची. मग तुकडे सावकाश बोलायचे, 'अन-प्रि-डिक-ट-बल', आणि लगेच जोडून वेगानं.

वेगानं जोडताना एक गोष्ट मराठीतून मिळत नाही, ती मुद्दाम शिकावी लागते. मराठीत आपण सगळे तुकडे जवळपास सारख्या वजनानं बोलतो. इंग्रजीत एका तुकड्यावर जोर पडतो आणि बाकीचे स्वर दबून 'अ'च्या जवळ जातात. म्हणून पुस्तकातला 'ओ' किंवा 'ए' ऐकताना सापडत नाही. पण इथेही फोड उपयोगी पडते. शेवटी 'शन', 'इक' किंवा 'इटी' असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर जातो. 'जर्मिनेट'मध्ये जोर 'जर'वर, 'जर्मिनेशन'मध्ये 'ने'वर. 'इलेक्ट्रिक'मध्ये 'लेक'वर, 'इलेक्ट्रिसिटी'मध्ये 'ट्रिस'वर. इंग्रजीत इतका नेमानं चालणारा नियम दुसरा क्वचितच सापडेल.

हे शिकवण्यासाठी नवी पुस्तकं नकोत, नवे तासही नकोत. मराठीत उपसर्ग-प्रत्यय, संधी, सामान्यरूप यांचे धडे आहेतच. दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत शब्दाला उपसर्ग किंवा प्रत्यय लावण्याची कृती येते. मराठीचे आणि इंग्रजीचे शिक्षक एकाच शिक्षकखोलीत बसतात. ज्या आठवड्यात मराठीत संधी, त्याच आठवड्यात इंग्रजीत 'इम-इल-इर', एवढं दोघांनी ठरवलं तरी पुष्कळ होईल. ज्या आई-वडिलांना इंग्रजी येत नाही, त्यांनीही मागे राहू नये. लेकरू लांब शब्दापाशी अडलं की 'याचा शेवट आणखी कुठल्या शब्दाला आहे?' एवढंच विचारावं. उत्तर लेकरू स्वतः शोधतं.

शिक्षकांना एक विनंती शेवटी करतो. ही तोड परीक्षेचा विषय करू नका. 'या शब्दाचे सिलॅबल पाडा' असे पाच गुणांचे प्रश्न काढले तर लेकरं तोडीचं पाठांतर सुरू करतील आणि आपण पुन्हा स्पेलिंग घोकण्यापाशी येऊ. एखाद्यानं 'टोटल' चुकीच्या जागी तोडला, पण शब्द बरोबर वाचला आणि अर्थ बरोबर सांगितला, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत.